बशीएवढा नेम

नवीन माणसाशी ओळख करून देताना गावातले लोक सांगतात, "हे कुवेतला बंदुका दुरुस्त करायचे." समोरचा माणूस नकळत अर्धं पाऊल मागे सरकतो आणि माझ्या हातांकडे बघतो. मग मला खुलासा करावा लागतो की बाबा रे, डास-ढेकणांपलीकडे मी कुणाचा जीव घेतलेला नाही. तिकडे असताना मी पुष्कळ गोळ्या झाडल्या, पण त्या सगळ्या कागदावर. रायफल दुरुस्त करायची आणि ती किती नेमकी मारते हे गिऱ्हाइकाला खरं खरं सांगायचं, हा माझा धंदा. त्यातली दुरुस्ती सोपी. खरं सांगणं मात्र नाकी नऊ आणणारं काम, कारण रायफलवाल्या माणसाला ते ऐकायचंच नसतं.

मी तिकडे गेलो लढाई संपल्यावर, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. आयटीआयचा फिटर. मीना अब्दुल्ला नावाच्या ठिकाणी रिफायनरीजवळच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर व्हॉल्व्हची कामं करायचो. वर्कशॉपच्या मालकाचं शहरात शिकारीच्या आणि कॅम्पिंगच्या सामानाचं दुकान होतं. तंबू, मासे धरायचे गळ, ससाण्याच्या डोळ्यांवर चढवायच्या चामड्याच्या टोप्या, छऱ्याच्या बंदुका आणि रायफली, असा सगळा एकत्र बाजार. दुकानाचा जुना कारागीर लढाईत मायदेशी पळाला तो परत आलाच नाही. मालकाने एकदा मला कानस चालवताना पाहिलं, थोडा वेळ माझ्या मागे उभा राहिला, आणि पुढच्या आठवड्यात म्हणाला, "सदा, गाडी में बैठो." तो माझा कफील. म्हणजे माझा व्हिसा त्याच्या नावावर. कफील गाडीत बस म्हणाला की कुठे जायचंय असं विचारायची तिकडे पद्धत नाही. अशा रीतीने मी बंदूकवाला झालो.

दुकानाच्या मागे माझी खोली होती. तिच्यात एक बाक, एक लहान लेथ, भिंतीला हत्यारं, आणि एक एसी जो कानसेपेक्षा जास्त आवाज करायचा. दुरुस्त केलेल्या रायफली दुकानाचा मॅनेजर वाळवंटातल्या नेमबाजी क्लबच्या रेंजवर न्यायचा. सोबत मी. परवाने, शिक्के, रेंजचा अधिकारी, सगळं व्यवस्थित असायचं. माझ्या एकट्याच्या हातात रायफल देऊन कुणी चहाला जात नसे, आणि ते बरोबरच होतं.

ज्यांनी रायफल फक्त पोलिसाच्या खांद्याला पाहिली आहे, त्यांच्यासाठी आता थोडं सांगतो. शिकारीच्या आणि खेळाच्या रायफली ढोबळमानाने दोन जातींच्या. पहिलीत दर गोळीनंतर बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दट्ट्या, आपल्या हाताने मागे-पुढे करावा लागतो. तेव्हा रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत जातं. दुसरीत हे काम रायफल आपलं आपण उरकते. गोळी सुटली की तिच्यामागच्या वायूच्या जोरावर बोल्ट मागे जातो, रिकामं काडतूस फेकतो, आणि स्प्रिंगच्या धक्क्याने पुढे येताना मॅगझिनमधलं, म्हणजे काडतुसांच्या पेटीतलं, नवं काडतूस नळीत ढकलतो. आपण नुसता चाप ओढायचा, दर गोळीला एकदा. ही झाली सेमी-ऑटोमॅटिक. दुकानात तिला सगळे नुसतं 'सेमी' म्हणत.

सेमी दिसायला देखणी आणि वापरायला सुखाची. पण तिच्यात हलणारे भाग जास्त, आणि भाग हलायचे तर थोडी ढिलाई ठेवावीच लागते. दर गोळीला आतलं सगळं धडधडत मागे जातं आणि पुन्हा जागेवर येतं. अगदी जागेवर नाही, जागेच्या जवळपास. त्यात नळी तापते, पुढचं लाकूड नळीला टेकतं, काडतुसांचा एक डबा तिला मानवतो आणि दुसरा मानवत नाही. एवढं सगळं धरून तिच्याकडून किती नेमकेपणाची अपेक्षा ठेवायची, हाच प्रत्येकाचा पहिला प्रश्न असायचा.

आकडे सांगून गिऱ्हाइकाच्या डोक्यात काही शिरत नाही, म्हणून मी बाकावर दोन वस्तू ठेवल्या होत्या. एक शंभर फिल्सचं नाणं, आणि एक इस्तिकानाची बशी. इस्तिकान म्हणजे तिकडचा कमरेत बारीक असलेला काचेचा चहाचा पेला. त्याची बशी तळहातात मावते. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून शंभर मीटरवर पाच गोळ्या मारल्या, तर हाताने बोल्ट ओढायची चांगली रायफल त्या पाचही नाण्याखाली झाकल्या जातील अशा मारू शकते. सेमीच्या पाच बशीखाली गेल्या तर देवाचे आभार मानून घरी जावं. आमची गिऱ्हाइकं शिकारीला परदेशी जायची, तिथे जनावराच्या छातीला बशी पुरून उरते. हे सांगितलं की गिऱ्हाईक बशीकडे असं बघायचं की जणू मी त्याच्या घरच्या माणसाला नावं ठेवली.

त्याला कारण काउंटरवरचा समीर. हा अलेक्झांड्रियाचा, गोरापान, केसांना तेल, आणि जिभेला त्याहून जास्त. तो पुढे नाणं विकायचा आणि मी मागे बशी द्यायचो. गिऱ्हाईक महिन्याभरात तणतणत परत आलं की समीर शांतपणे माझ्या खोलीचं दार उघडून त्याला आत सोडायचा. एकदा मी त्याला म्हटलं, तू आधीच खरं का सांगत नाहीस. दुकानात राहून शिकलेल्या हिंदीत तो म्हणाला, "सदा, तुम आदमी को शादी से पहले बोलता है, बीवी झगडा करेगा? बाद में वो खुद देखता है ना." 

गिऱ्हाइकांचे नमुने किती सांगू. एकजण रायफल तिच्यावरच्या दुर्बिणीला धरूनच उचलायचा, बादलीचा कान धरावा तसा, आणि नेम चुकतो म्हणून कारखान्याला शिव्या द्यायचा. दुसरा अख्खं मॅगझिन एका दमात रिकामं करायचा, तापलेल्या नळीने गोळ्या वर वर चढत जायच्या, आणि हा कागद फडकवत यायचा. तिसऱ्याचा रायफलीवर इतका जीव की तो तिला तेलात न्हाऊ घालायचा. मी कोकणातला. आमच्याकडे ज्या लोखंडाला तेल नाही ते एका पावसाळ्यात गेलंच म्हणून समजा, त्यामुळे त्याचं दुःख मला कळायचं. पण कुवेतच्या धुळीत तेल घातलं की आत पॉलिश पेपर लावल्यासारखं काम होतं. त्याची रायफल मी पुसून कोरडी करायचो आणि तो डोळ्यांत पाणी आणून बघत उभा राहायचा.

लाकडाचं काम मी भिकू मेस्त्रीकडे न्यायचो. भिकू कुडाळकडचा सुतार, महबूल्याला माझ्याच खोलीत राहायचा, एका फर्निचरवाल्याकडे कामाला होता. मालकाच्या परवानगीने मी नुसता लाकडी दस्ता सुटा करून आणायचो. उन्हाळ्यात वाळलेलं लाकूड दमट दिवसांत फुगतं, नळीला रेटतं, आणि गोळी सरकते. भिकू एवढी तासणी करायचा की नळी आणि लाकूड यांच्यामधून कागदाचा कपटा सहज सरकावा. तासता तासता म्हणायचा, "सदा, ह्यां लाकूड जावयासारख्यां आसा. सासुरवाडीची हवा लागली काय फुगता." बायका दोघांच्याही गावाला, जावईपण दोघांचंही वर्षातून महिनाभर. आम्ही हसायचो आणि मग भिकू पुन्हा तासायला लागायचा.

आता बू फहदविषयी सांगतो. खरं तर त्यांच्यासाठीच हे लिहायला बसलो.

बू फहद म्हणजे फहदचे वडील. तिकडे मोठ्या माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. निवृत्त भूगोल मास्तर, उंच, काटक, अंगातला दिशदाशा, म्हणजे पायघोळ अरबी झगा, नेहमी कडक इस्त्रीचा. त्यांचे वडील गलबतातून खजूर घेऊन मुंबईला यायचे, त्यामुळे घरात हिंदी आलेली. मला ते 'उस्ताद' म्हणायचे, निम्मं गमतीने. पहिल्यांदा आले ते हिवाळ्यात, वाळवंटात तंबू पडायचे दिवस होते. लोकरीच्या घोंगडीत गुंडाळलेली एक सेमी त्यांनी माझ्या बाकावर ठेवली, आजारी मूल ठेवावं तशी. म्हणाले, "उस्ताद, ये बीमार है."

तक्रार नेहमीचीच, गोळ्या पांगतात. रायफल त्यांच्या धाकट्या भावाची, जासिमची. "जासिम इससे ऐसा मारता था," म्हणाले, आणि माझ्या बाकावरचं नाणं उचलून मला दाखवलं. मी मनात म्हटलं, समीरचं आणखी एक गिऱ्हाईक. पण रायफल लढाईच्या कितीतरी आधीची होती, समीरने ती विकलेली असणं शक्य नव्हतं. रेंजवर तपासली. पाच गोळ्या बशीत अगदी नीट बसल्या. तरी मी नळी साफ केली, सगळे स्क्रू पाहिले, भिकूकडून लाकूड तासून घेतलं, दुसऱ्या बनावटीची काडतुसं लावून पाहिली. बशी ती बशीच. बू फहदनी कागद बराच वेळ पाहिला, माझे आभार मानले, रायफल घोंगडीत गुंडाळली आणि गेले.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा हजर. तीच घोंगडी, तीच तक्रार, तेच नाणं. त्याच्या पुढच्या हिवाळ्यातही. मी वैतागलो होतो असं नाही, माणूस इतका गोड होता की वैतागणं जमत नसे. ते आले की खोलीत वेलदोड्याचा वास यायचा, कारण सोबत थर्मास असायचा. पण काम करायला तर काही नव्हतं. एकदा मी समीरला म्हटलं, ह्यांचा भाऊ का येत नाही स्वतः, त्याला विचारता तरी येईल. समीरने हातातलं काम ठेवलं. त्याची जीभ त्या दिवशी एरवीसारखी चालली नाही. नव्वद साली शेजारच्या देशाने कुवेतवर स्वारी केली तेव्हा त्यांच्या सैनिकांनी जासिमला घरातून नेलं होतं आणि तो परतला नव्हता. बेपत्ता लोकांमध्ये त्याचं नाव होतं. मेला असं कुणी सांगत नव्हतं, जिवंत आहे असंही कुणी सांगत नव्हतं.

त्यानंतर ती रायफल मी हातात घ्यायचो तेव्हा मलाही ती घोंगडीत ठेवावीशी वाटायची.

एका हिवाळ्यात मी धीर करून म्हटलं, बू फहद, रायफल ठणठणीत आहे, ही जातच बशीची आहे. ते म्हणाले, "तो जासिम कैसे मारता था?" मी म्हटलं, कदाचित अंतर कमी असेल. त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. माझ्यासाठी ओतलेला चहा तसाच राहिला आणि ते रायफल उचलून निघून गेले. समीरने मग एक तोड सुचवली. बोल्टवाल्या रायफलीने एक कागद मारून ठेव, तोच त्यांना दे, म्हातारा खूश होईल. मी नाही म्हटलं. फार तत्त्वाचा माणूस म्हणून नव्हे, तर बू फहद रेंजवर माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि दुर्बिणीतून एकेक भोक बघायचे. अशा माणसाला शेंडी लावायची म्हटली तरी कशी लावणार? पुढच्या वर्षी ते आले तेव्हा अंतराचा विषय दोघांनीही काढला नाही.

मग दोन हजार तीनची लढाई झाली, शेजारच्या देशातलं सरकार पडलं, आणि कुवेतहून नेलेली, तिथे वाळूत पुरलेली माणसं सापडू लागली. ओळख पटेल तशी एकेक नावं येऊ लागली. दुकानात कुणी मोठ्याने रेडिओ लावत नसे. एके दिवशी मालकाने मला गाडीत बसवलं आणि बू फहदच्या घरी नेलं. दुखवट्याला आलेले पुरुष दीवानियात, म्हणजे बाहेरच्या बैठकीच्या मोठ्या खोलीत, भिंतीच्या कडेने बसले होते, कडू गाहवा, म्हणजे अरबी कॉफी, फिरत होता. मी रांगेत उभा राहिलो. बू फहदनी माझा हात हातात घेतला आणि सोडला नाही, मागे रांग थांबली तरी सोडला नाही. "आ गया, उस्ताद," ते म्हणाले. "जासिम घर आ गया." मला त्यांच्यापुढे रडायचं नव्हतं, पण रडू आलं.

त्या हिवाळ्यात ते येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. ते आले. रायफल बाकावर ठेवली, नाण्याला हात लावला नाही, स्टुलावर बसले.

"उस्ताद, आज सच बोलो," ते म्हणाले. "पहले मैं सोचता था, जासिम आएगा तो उसको पूछूँगा. अब किसको पूछूँ? मेरी बीवी बोलती है, तुम हर साल उसका निशाना थोडा छोटा करता है. मैंने ये आँख से देखा था. नहीं देखा तो बाकी जो याद है, उसकी हँसी, उसका चलना, वो भी मैंने बनाया क्या?"

आवाज चढवला नव्हता. मास्तर वर्गात प्रश्न विचारतात तसा विचारला होता, उत्तर येईपर्यंत थांबायची तयारी ठेवून.  इतकी वर्षं मी त्या रायफलीची तब्येत तपासत आलो, आणि आता हे माझ्याकडे स्वतःच्या आठवणी तपासायला घेऊन आले होते. त्या खोट्या निघाल्या तर त्यांना भाऊ दुसऱ्यांदा गमवावा लागणार होता. मी म्हटलं, गुरुवारी रेंजवर या.

गुरुवारी थंडी चांगलीच होती. मॅनेजर रेंजच्या अधिकाऱ्याशी कागदपत्रं करत होता. मी पिशव्या लावल्या, पण रायफल खोक्यातून काढली नाही. बू फहदच्या शेजारी चहा घेऊन बसलो आणि म्हटलं, तुम्ही दोघं वाळवंटात नेम मारायला कसे जायचा ते सगळं सांगा. घरातून निघाल्यापासून. मला काहीच माहीत नाही असं समजून सांगा.

आधी ते अडखळत बोलले, मग रंगले. दुपारचं जेवण, जुनी पिकअप, दारात उभी आई. जासिम त्यांच्याहून कितीतरी लहान, भारी उतावळा. हातात मॅगझिन दिलं की चहा निवायच्या आत रिकामं करायचा. म्हणून आईने थोरल्याकडून शब्द घेतला होता की पोराकडे काडतुसं द्यायची नाहीत. "तो सब मेरी जेब में रहता था," बू फहद म्हणाले आणि दिशदाशाच्या खिशावर हात मारला. "एक देता था. बोलता था, मारो. फिर देखो कहाँ लगा. फिर चाय पियो. फिर दूसरा. वो ऐसे हाथ करता था पीछे, देखता भी नहीं था मेरी तरफ. बोलता था, भाई, एक और, एक और. मैं बोलता, शुवै शुवै." म्हणजे सावकाश, सावकाश.

मी पेला खाली ठेवला.

सेमीची एक खोड धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पहिलं काडतूस आपण हाताने बोल्ट सोडून आत बसवतो. पुढची सगळी रायफल स्वतःच्या धडाक्याने आत फेकते. दोन्हींचं बसणं किंचित वेगळं, त्यामुळे पहिली गोळी पुष्कळदा बाकीच्यांपासून फटकून लागते. आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, पहिलीकडे लक्ष देऊ नका, बाकीच्या बघा. पण ज्या माणसाला दर वेळी एकच काडतूस मिळतं, त्याची प्रत्येक गोळी पहिलीच असते. सगळ्या एकाच रीतीने बसलेल्या, आणि दोन गोळ्यांमध्ये चहा होईपर्यंत नळी थंड. सेमी अशी कुणी चालवत नाही, चालवायची तर सेमी घ्यायची कशाला? म्हणून अशी तपासायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. ती अशी चालवायला एक उतावळा धाकटा भाऊ आणि एक शिस्तीचा थोरला भाऊ लागतो.

हे सगळं मी बू फहदना सांगितलं, माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत, हातवारे करून.  त्यांचा हात हल्ली थरथरायचा, त्यामुळे गोळ्या मी मारायच्या असं ठरलं. काडतुसं त्यांनी माझ्याकडून घेतली आणि खिशात टाकली. रेंजच्या अधिकाऱ्याने भुवया उंचावल्या, पण मॅनेजरने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्याने मान फिरवली.

मी पिशवीवर रायफल टेकवली. पहिलं काडतूस आलं. मॅगझिनमध्ये ते एकटंच घातलं, बोल्ट सोडला, मारली. दुसऱ्यासाठी हात मागे केला तर बू फहद म्हणाले, "पहले चाय." थंडी असूनही मला घाम आला होता. कारण आता नेम माझा होता, रायफलीचा नव्हता, आणि माझा हात हलला असता तर त्या माणसाची आठवण गेली असती. असा घाम मला ना लेथवर कधी आला, ना मालकासमोर.

पाच झाल्यावर अधिकाऱ्याने हिरवं निशाण दिलं आणि आम्ही कागदाकडे चालत गेलो. बू फहदनी स्वतःचं नाणं काढलं आणि भोकांवर ठेवलं. तीन झाकली गेली. दोन बाहेर राहिली, एक कडेला लागून आणि एक बोटाच्या रुंदीएवढी लांब. बशीच्या निम्म्यातसुद्धा सगळी मावली असती, पण नाणं काही झालं नव्हतं.

"दो बाहर है," बू फहद म्हणाले.

"दो मेरी वजह से बाहर हैं," मी म्हटलं. "जासिम का हाथ मुझसे अच्छा होगा."

हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोललो नाही. मी मेकॅनिक, नेमबाज नव्हे, आणि त्या रायफलीच्या मनात काय आहे ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं होतं. बू फहद कागदाकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा असा सैल झाला की इतक्या वर्षांत मी तो चेहरा कधी पाहिलाच नव्हता असं मला वाटलं. "अच्छा था," ते म्हणाले. "बहुत अच्छा था उसका हाथ." माझा जीव भांड्यात पडला. मॅनेजरने लांबून विचारलं, खलास? बू फहदनी हाताने त्याला थांबवलं आणि मला म्हणाले, "एक और मारो."

मी पुन्हा पिशवीमागे बसलो, डोळा दुर्बिणीला लावला आणि काडतुसासाठी हात मागे केला. काही आलं नाही. मी वाट पाहिली. शेवटी वळून पाहिलं, तर बू फहद माझ्या पसरलेल्या तळव्याकडे बघत उभे होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायचा प्रयत्नही करत नव्हते.

"मैंने उसको कभी पूरा नहीं दिया," ते म्हणाले. "हर बार वो माँगता था, और मैं बोलता था, शुवै शुवै."

त्यांनी खिशात हात घातला आणि उरलेली सगळी काडतुसं माझ्या हातावर ओतली. दोन-तीन खाली वाळूत पडली, तीही वाकून उचलली, दिशदाशाला पुसली आणि दिली. म्हणाले, "सब मारो. जल्दी जल्दी. जैसे उसको मारना था."

मी मॅगझिन भरलं आणि सगळ्या गोळ्या एकामागून एक मारल्या, नळी तापून समोरची हवा थरथरेपर्यंत. बू फहद माझ्या शेजारी उभे राहून हसत होते, मोठ्याने, आणि अरबीत कुणाला तरी काहीतरी सांगत होते. त्या गोळ्या कुठे लागल्या ते बघायला आम्ही दोघंही गेलो नाही.